सुटीचा बेत

वार्षिक परीक्षा संपली, त्या दिवशी मी दप्तर कोनाड्यात ठेवले आणि थंड फरशीवर आडवा झालो. आमचे घर हिंगण्याला आहे. नागपूर शहर येथून जवळच; मध्ये कारखान्यांची वसाहत आणि पलीकडे कापसाची व तुरीची शेते. उन्हाळ्यात येथील पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. वेणा नदीचे पात्र आटते, दुपारी रस्त्यावर चिटपाखरूही दिसत नाही, आणि घरोघरी कूलरची घरघर तेवढी चालू असते.

अशा त्या दुपारी एका जुन्या मासिकात मला एक चित्र दिसले. निळेशार पाणी, पांढरी वाळू, वाऱ्यावर झुकलेले माड आणि दोन माडांच्या मध्ये बांधलेल्या झोळीत निवांत पहुडलेला एक मनुष्य! चित्राखाली लिहिले होते, ‘कॅरिबियन समुद्रातील एक बेट’. संध्याकाळी बाबा कारखान्यातून परत आले, तेव्हा मी ते चित्र त्यांच्यापुढे धरले आणि म्हणालो, “बाबा, यंदाच्या सुटीत आपण येथे जाऊ.”

बाबा हसतील असे मला वाटले होते. पण ते हसले नाहीत. “ही वेस्ट इंडीजची बेटे,” ते म्हणाले. “१९७१ साली अजित वाडेकरांच्या संघाने तेथे जाऊन मालिका जिंकली, आणि सुनील गावस्करांनी आपल्या पहिल्याच मालिकेत चार कसोट्यांत ७७४ धावा काढल्या. तुझे आजोबा ही हकीकत इतक्या वेळा सांगत, की पोर्ट ऑफ स्पेन हे गाव नागपूरच्या पुढल्याच स्टेशनावर असावे, असे मला लहानपणी वाटे! जावयाचे की नाही, ते मागाहून पाहू. आधी नकाशा आण.”

मी जगाचा नकाशा पसरला. उत्तर व दक्षिण अमेरिकेच्या मध्ये बेटांची एक लांबलचक माळ पडलेली दिसली. तीत क्यूबा होते, जमैका होते, त्रिनिदाद होते. आणि फुलपाखराच्या आकाराचे ग्वादलूप नावाचे एक बेटही होते. ग्वादलूपवरून १६ उत्तर अक्षांशाची रेषा गेली आहे. बाबा म्हणाले, “त्या रेषेवर बोट ठेव, आणि रेषा न सोडता पूर्वेकडे ये.”

माझे बोट अटलांटिक महासागर ओलांडून आफ्रिकेत शिरले, सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेने पुढे सरकले, तांबडा समुद्र आणि अरबस्तान मागे टाकून अरबी समुद्रात आले, आणि कोकणच्या किनाऱ्याला लागले. तेथे बारीक अक्षरांत लिहिले होते, ‘मालवण’.

ताईने तेवढ्यात गणित मांडले. दोन्ही ठिकाणांमध्ये सुमारे १३५ रेखांशांचे अंतर. या अक्षांशावर एका अंशाला सुमारे १०७ किलोमीटर. म्हणजे रेषेने गेले तरी साडेचौदा हजार किलोमीटर झाले! एक रेखांश ओलांडण्यास सूर्याला चार मिनिटे लागतात. तेव्हा मालवणला सूर्य उगवल्यानंतर नऊ तासांनी तो ग्वादलूपला उगवणार.

“रेषा एकच,” बाबा म्हणाले, “माडही दोन्हीकडे आहेत, आणि समुद्रही. मालवणच्या समोर कुरटे नावाचे बेट आहे. त्यावर शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्ग बांधला. ग्वादलूपला पाच माणसांनी जावे, एवढे पैसे माझ्याजवळ नाहीत. मालवणला जाण्याइतके मी जमवू शकेन. मला आठ दिवसांची रजा मिळेल. बेत तू आखावयाचा. अट एकच: घरातील प्रत्येकाला विश्रांती मिळाली पाहिजे.”

एवढी मोठी जबाबदारी माझ्यावर प्रथमच आली होती. मी दोन दिवस खपून एक बेत तयार केला. प्रस्थान १० जूनला. सिंधुदुर्ग, तारकर्ली, देवबाग, विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर, वेंगुर्ले, रेडी, सावंतवाडी, आंबोली आणि गोवा अशी अकरा ठिकाणे मी चार दिवसांत बसविली. रोज पहाटे पाचला निघावयाचे आणि रात्री दहाला मुक्कामी पोहोचावयाचे. एक मिनिटही वाया जाऊ दिले नव्हते. रात्री जेवणे झाल्यावर मी तो कागद मोठ्या अभिमानाने वाचून दाखविला.

कोणीच काही बोलेना. शेवटी आई म्हणाली, “पाचला निघावयाचे म्हणजे मी साडेतीनला उठून सगळ्यांचे आवरावयाचे. मग विश्रांती कोणाला?” ताई म्हणाली, “यात पाहण्यापेक्षा गाडीत बसण्याचेच तास अधिक आहेत.” आणि आजी हळूच म्हणाली, “बेत छान आहे, बाळा. तुम्ही सगळे जाऊन या. मी घर राखीन.”

आजीचे ते शब्द मला लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती डाळ निवडीत बसली होती, तेव्हा मी तिच्याजवळ जाऊन विचारले, “आजी, तुला समुद्र पाहावयाचा नाही?”

“नाही कसा? पंढरपूरची चंद्रभागा पाहिली, रामटेकचा तलाव पाहिला. समुद्र तेवढा राहिला आहे. पण एका दिवसात तीन गावे हिंडावीत, असे माझे गुडघे आता उरले नाहीत. मी आले तर तुम्हांला माझ्यासाठी थांबावे लागेल. आणि थांबावयाला तुझ्या बेतात जागा कोठे आहे?” थोडे थांबून ती म्हणाली, “बेत बेताचा असावा, बाळा.”

आजीचे गुडघे दरवर्षी अधिक दुखू लागले होते. यंदा ती आली नाही, तर पुढे कधी येऊ शकेल याची खात्री नव्हती. माझ्या कागदावर अकरा ठिकाणे होती, परंतु ज्या एका माणसाने समुद्र पाहावयाचा राहिला होता, त्याच माणसाला त्यात जागा नव्हती.

त्याच दिवशी माझी दुसरी चूक उघडकीस आली. बाबांनी मालवणच्या एका घरी दूरध्वनी केला. किनाऱ्यावरील अनेक कुटुंबे पाहुण्यांना आपल्या घरी उतरवून घेतात आणि त्यांच्या न्याहारीची व जेवणाची सोय करतात. त्यांपैकीच ते एक घर होते. घरच्या काकूंनी सांगितले, “जूनमध्ये आलात तर किल्ला किनाऱ्यावरूनच बघावा लागेल. मेच्या अखेरीस होड्या बंद होतात, त्या ऑगस्ट संपेपर्यंत सुटत नाहीत.” नैर्ऋत्येकडून येणारे मोसमी वारे त्या दिवसांत समुद्र खवळून टाकतात, हे मी भूगोलात शिकलो होतो, पण बेत आखताना ते मला आठवले नव्हते. कॅरिबियन बेटांनाही हे चुकत नाही. तिकडे जूनपासून नोव्हेंबरपर्यंत चक्रीवादळांचा काळ असतो. बेट कोणतेही असो, तेथे केव्हा जावे हे समुद्र ठरवितो, आपली शाळा नव्हे!

मे महिन्यातील गाड्यांची तिकिटे केव्हाच संपली होती, आणि बाबांना तेव्हा रजाही नव्हती. तेव्हा सहल दिवाळीच्या सुटीवर गेली. उन्हाळा हिंगण्यालाच काढावा लागणार होता. मला वाईट वाटले. पण बेत सुधारावयास आता पुष्कळ वेळ होता.

त्या सुटीत मी गावातील वाचनालयात जाऊन चित्रातील झोळीची माहिती शोधली. १४९२ साली कोलंबस त्या बेटांवर पोहोचला, तेव्हा तेथील ताइनो लोक कापसाच्या सुताने विणलेल्या झोळ्यांमध्ये निजत असत. दर्यावर्दी लोकांनी ती युक्ती उचलली, आणि पुढे जहाजांवरचे खलाशीही झोळ्यांत निजू लागले. त्याच पुस्तकात आणखी एक गोष्ट होती. १८४५ सालापासून भारतातील हजारो माणसे मजुरीचा करार करून त्रिनिदादला नेण्यात आली. ती तेथे विश्रांतीसाठी गेली नव्हती. उसाच्या मळ्यांत राबण्यासाठी गेली होती. त्यांतील अनेकांना मायदेश पुन्हा दिसला नाही.

हे सर्व मी आजीला सांगितले. ती म्हणाली, “झोळीचे मला नवल नाही. कापूस वेचावयाला जाताना तुझ्या बाबांना मी बांधावरच्या कडुनिंबाला लुगड्याची झोळी बांधून तीत निजवीत असे. त्याला छान झोप लागे. पण एक ध्यानात ठेव. झोळीत एक जण निजतो, तेव्हा ती बांधणारा दुसरा कोणीतरी उन्हात काम करीत असतो.”

आजीच्या या बोलण्यानंतर मी नवा कागद घेतला. त्यावर ठिकाणांची नावे लिहिण्यापूर्वी चार प्रश्न लिहिले: केव्हा जावयाचे? कोणाला काय झेपेल? खर्च किती? आणि आपण कशासाठी जात आहोत? पहिल्या बेतात मी ‘कोठे’ या एकाच प्रश्नाचे उत्तर अकरा वेळा लिहिले होते, हे मला आता कळले.

‘केव्हा’ याचे उत्तर पंचांगाने दिले. भाऊबीज घरी करून कार्तिक शुद्ध पंचमीच्या संध्याकाळी निघावे, असे ठरले. भरती-ओहोटीचाही मी विचार केला. अमावास्या-पौर्णिमेला समुद्राला उधाण येते. अष्टमीच्या सुमारास भरती सौम्य असते, तिला कोकणात ‘भांग’ म्हणतात. आजीला होडीत चढण्या-उतरण्यास हे दिवस बरे. रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडते. म्हणून तो दिवस मोजून मी दिनदर्शिकेवर लाल खूण केली. त्या दिवशी सकाळीच तिकिटे काढली, आणि आजीसाठी खालचा बाक मिळाला.

‘खर्च किती’ हा हिशेब ताईने मांडला. रेल्वेभाडे, मोटारभाडे, राहणे, जेवणे आणि होडी असे रकाने तिने पाडले. आणि शेवटी अडीअडचणीसाठी एक दशांश रक्कम वेगळी काढली. महिन्याच्या महिन्यास थोडे थोडे पैसे एका डब्यात पडू लागले. माझ्या वाढदिवसाचे पैसे मी त्यातच टाकले.

शेवटी मी चार दिवसांचे चार रकाने आखले. सप्तमीस पोहोचावयाचे आणि विसावा घ्यावयाचा. अष्टमीस सिंधुदुर्ग. दशमीस सकाळी तारकर्लीचा किनारा आणि संध्याकाळी परतीची गाडी. नवमीच्या रकान्यात काय लिहावे, ते सुचेना. फार वेळ विचार करून मी तेथे लिहिले, ‘काही नाही’. आजीने तो कागद हातात घेऊन नीट पाहिला आणि ती म्हणाली, “आता मी येते.” आईने फक्त एक सुधारणा सुचविली: घरी परतल्यावर रजेचा एक दिवस शिल्लक ठेवावा, म्हणजे बाबांना प्रवासाचा शीण घेऊन कारखान्यात जावे लागणार नाही.

ठरल्याप्रमाणे आम्ही निघालो. रात्रभर प्रवास करून मुंबई गाठली, दिवसभर मावशीकडे थांबलो, आणि रात्री कोकण रेल्वेच्या गाडीत बसलो. १९९८ साली ही रेल्वे पूर्ण झाली आणि मुंबईहून दक्षिण कोकणात जाणे सोपे झाले. पहाटे कुडाळला उतरून मोटारीने मालवण गाठले. काकूंना आम्ही नागपूरची संत्रा बर्फी दिली. त्यांनी आमच्यापुढे गरम घावणे ठेवले.

संध्याकाळी बाबांनी आजीला हात धरून वाळूवर नेले. ती पाण्याच्या कडेला उभी राहिली. एक लाट आली आणि तिच्या पावलांवरून परत गेली. आजीने वाकून ते पाणी डोळ्यांना लावले. पुष्कळ वेळ ती काही बोलली नाही. मग एवढेच म्हणाली, “मी कापूस वेचीत होते, तेव्हाही हे येथे असेच होते!”

अष्टमीची सकाळ उजाडली ती जोराचा वारा घेऊन. आम्ही बंदरावर गेलो, तेव्हा सर्व होड्या बांधून ठेवलेल्या होत्या. एक वृद्ध नावाडी म्हणाला, “आज समुद्र बरा नाही. उद्या या.” माझा चेहरा उतरला. इतक्यात ताईने माझ्या खिशातील कागद काढून नवमीच्या रकान्यावर बोट ठेवले. तेथे लिहिले होते, ‘काही नाही’!

तो दिवस आम्ही माडांच्या वाडीत घालविला. एरवी कारखान्याच्या पाळीसाठी पहाटे उठणारे बाबा दुपारीही निजले. आजी आणि काकू सोले निवडीत बोलत बसल्या. मी काकूंकडे पाहत होतो. पहाटेपासून त्यांचा हात थांबला नव्हता: दहा पाहुण्यांचे पाणी, न्याहारी, जेवण, भांडी. आजीचे झोळीविषयीचे बोलणे मला आठवले. मी उठलो आणि विहिरीवरून पाण्याच्या चार बादल्या आणून दिल्या. काकू हसल्या, पण नको म्हणाल्या नाहीत.

नवमीस वारा पडला. दहा-पंधरा मिनिटांत होडी किल्ल्याला लागली. सिंधुदुर्गाच्या बांधकामास १६६४ साली आरंभ झाला आणि सुमारे तीन वर्षांत तो उभा राहिला. त्याचा तट सुमारे तीन किलोमीटर लांब आहे. पायाचे दगड लाटांनी हलू नयेत, म्हणून त्यांत शिसे ओतले होते. बुरुजांच्या आड असे वळण दिले आहे, की अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसतच नाही. आत राजाराम महाराजांच्या काळात बांधलेले शिवराजेश्वराचे मंदिर आहे. त्याहून नवल म्हणजे, चहूंकडे खारे पाणी असताना दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरींना गोडे पाणी आहे. पावसाचे पाणी बेटाच्या खडकांत मुरून तेथे साठते. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. त्यांत सिंधुदुर्ग आहे. किल्ल्यात आजही काही कुटुंबे राहतात.

आजी मंदिराजवळ सावलीत बसली. आम्ही तटावर गेलो. खाली येऊन पाहतो, तो ती तेथेच शांतपणे वारा घेत होती. कोणालाच घाई नव्हती. परतताना मी नावाड्याला विचारले, “आजोबा, तुम्ही सुटीत कोठे जाता?”

वल्ह्यावरचा हात न थांबविता तो म्हणाला, “तुमची सुटी ती आमची सुगी, पोरा. पावसात होडी वर ओढली, की आम्ही जाळी विणीत घरी बसतो. तीच आमची सुटी.” मग समोरच्या पाण्याकडे मान वळवून तो म्हणाला, “काल तुम्ही रागावला नाहीत, हे बरे केलेत. पुष्कळ लोक समुद्राचा राग आमच्यावर काढतात.”

त्या संध्याकाळी मी आजीचे जुने लुगडे दुहेरी केले आणि दोन माडांना त्याची झोळी बांधली. बाबांनी गाठी तपासून पाहिल्या. मग मी आईला हाक मारली. “मी? अरे, अजून कपडे वाळत घालावयाचे आहेत,” ती म्हणाली. कपडे ताईने आणि मी वाळत घातले. आई त्या झोळीत थोडा वेळ पडली आणि बघता बघता तिला झोप लागली. मासिकातील चित्र माझ्यासमोर होते. फक्त झोळीत मी नव्हतो. तरी मला त्याचे वाईट वाटले नाही.

एकादशीचा उपास आजीने गाडीत केला. द्वादशीस आम्ही हिंगण्याला घरी होतो. अकरा ठिकाणांपैकी आम्ही दोनच पाहिली. परंतु त्यांविषयी आम्ही अजून बोलत असतो. माझा तो कागद मी वहीत जपून ठेवला आहे. पुढच्या सुटीचा बेत करताना मी सर्वांत आधी ‘काही नाही’ असे लिहिलेला रकाना आखणार आहे.

स्वाध्याय

१. लेखकाच्या पहिल्या बेतात कोणत्या दोन मोठ्या चुका होत्या?

२. ‘बेत बेताचा असावा’ या वाक्यातील ‘बेत’ आणि ‘बेताचा’ या शब्दांचे अर्थ सांगा. आजीला काय सुचवावयाचे होते?

३. नवमीच्या रिकाम्या रकान्याचा कुटुंबाला कसा उपयोग झाला?

४. ‘तुमची सुटी ती आमची सुगी’ असे नावाडी का म्हणाला?

५. पुढील शब्द वाक्यांत योजा: चिटपाखरू, खपणे, उधाण, सुगी, विसावा.

६. नकाशात तुमच्या गावाचा अक्षांश शोधा. त्याच रेषेवर पूर्वेस व पश्चिमेस कोणते देश आहेत, ते लिहा.

७. घरातील सर्वांना विश्रांती मिळेल अशा चार दिवसांच्या सुटीचा बेत आखा. त्यात घरातील प्रत्येकाला काय झेपेल, याचा विचार करा.